ताटातला पांढरा सिंह

मुंबई, ता. ९ नोव्हेंबर १९५१

तीर्थरूप सौ. शामकलाबाईस,
धाकटा भाऊ गोपीचंद याचा शि. सा. नमस्कार.

सुखरूप पोचलो. तू बांधून दिलेला चिवडा नागपूर यायच्या आधीच संपला. डब्यातल्या लोकांनी संपवला असं लिहिणार होतो, पण तू मला ओळखतेस. तीन वर्षांनी दवनीवाड्याला आलो, पाटावर बसलो, तुझ्या हातून ओवाळून घेतलं, बरं वाटलं. आईबाबा गेल्यापासून कामठ्याच्या घराला कुलूप आहे, तेव्हा माझं गाव आता तुझंच घर. भाऊजींना नमस्कार सांग. ते पोथी हातभर लांब धरून वाचतात, हे मी पाहिलं. चष्म्याच्या दुकानात नोकरी करतो, नजर जातेच.

एक छोटं काम होतं. अगदीच छोटं. मी ओवाळणीत टाकलेला रुपया खोटा आहे. इथे आल्यावर मला कळलं की ज्याच्याकडून मोड घेतली त्याने फसवलं. बहिणीच्या ताटात खोटा रुपया पडला, या विचाराने मला अन्न गोड लागत नाही. तरी तू तो रुपया रजिस्टर पोस्टाने पाठवून दे. मी त्याबदली पाच रुपयांची मनिऑर्डर करतो.

तोवर त्याला हात लावू नको. धुऊ नको, पदराने पुसू नको, फुंकरही मारू नको. देव्हाऱ्यात ठेवला असशील तर हळदकुंकू त्याच्यापासून लांब ठेव.

तुझा,
गोपी


मु. दवनीवाडा, ता. गोंदिया, जि. भंडारा
ता. १९ नोव्हेंबर १९५१

चि. गोपीचंदले शामकलाबाईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र भेटलं. आधी मी वाचलं, मंग यायले, तुझ्या भाऊजीले, वाचून दाखवलं, मंग सासूबाईले. सगळे हसून राहिले.

खोट्या रुपयाचे पाच देनारा मानूस आमच्या गावात कोनी पाह्यला नाई. मुंबईत तशी रीत असन तर सांग, आमच्या घरी बाजारात न चालनारे दोन-तीन पडून आहेत, सगळे पाठवून देते. आन खोट्या रुपयाले फुंकर काऊन नाई मारायची? त्याले सर्दी होते का?

तू लहानपनीबी असाच होतास. खरं बोलायचं असलं का एक शब्द, खोटं बोलायचं असलं का गाडाभर. मनिराम मास्तरांच्या बागेतले पेरू खाल्ले तेव्हाबी तू आधी म्हनलास का मी तिकडे गेलोच नाई, मंग म्हनलास का पेरू कच्चेच होते.

ते असो. धुऊ नको म्हनतोस, पन उशीर झाला बाबू. तू गेलास त्याच दिवशी मी लक्ष्मीपूजनाच्या सगळ्या पैशांसंगं तो रुपया चिंच आन राख लावून घासला. दरसाल घासते तसा. असा लखलखून राहिला का सासूबाई म्हनतात, ईश्वरदास सोनारापाशी कडी बसवून घे आन गळ्यात घाल.

आन एक सांगते, हसू नको. तू तीन वर्षं आला नाईस, तेव्हा मी अंगनात जाऊन चंद्राले ओवाळलं. ज्या बाईचा भाऊ येत नाई तिनं काय करावं? पन चंद्र ताटात काही टाकत नाई. शेजारची पुष्पाबाई आपल्या भावाची ओवाळनी दाखवाले येते आन मी चुलीत फुंकत बसते. यंदा माझ्या ताटात खनकन आवाज झाला. तो मी पोस्टानं वापस करू?

खरं काय ते लिही.

तुझी बहीन,
शामकला


मुंबई, ता. २८ नोव्हेंबर १९५१

बाई,

चिंच? आणि राख?

पत्र दुकानातच वाचलं. एका गिऱ्हाइकाला त्याचा चष्मा सोडून माझाच दिला. आता खरं सांगतो.

सरकारी टांकसाळीत रोजचे रुपये धडाधड पाडतात. पण शौकिनांसाठी काही मोजकी नाणी वेगळी पाडतात. त्यांची चकती आधी घोटून आरशासारखी करतात, ठसाही घोटतात, आणि सावकाश, जोर लावून ठोकतात. त्याला प्रूफ म्हणतात. त्यातही ठसा नवा असतो तेव्हाच्या पहिल्या थोड्या नाण्यांवर चित्र पांढरंशुभ्र उठतं, दह्याची साय धरल्यासारखं, आणि मागची जमीन काळ्या पाण्यासारखी दिसते. त्याला कॅमिओ म्हणतात. पुढे ठसा घासला जातो आणि सगळं नाणंच नुसतं चमकतं. ती पांढरी साय बोटाने जाते, फडक्याने जाते. चिंचेचं मी बोलतच नाही.

गेल्या साली राजाचं तोंड जाऊन आपल्या राज्याचे पहिले सिंह नाण्यांवर आले. घोड्याचं चित्र असलेल्या पैशापासून रुपयापर्यंत सात नाणी. पेटीत सातांचा तयार संच मिळतो, पण त्यात रुपया पांढरा तर आणा फिका, आणा पांढरा तर पावली फिकी. मला सातही एकसारखी पांढरी हवीत. म्हणून फोर्टातल्या एका म्हाताऱ्या पारशाकडून एकेक निवडून घेतोय. पाऊण वर्ष रोज दुपारची भाकरी सोडून त्याच्या दुकानात भिंग लावून उभा राहिलोय. सहा जमली होती. सातवा रुपया तुझ्याकडे यायला निघालो त्याच दिवशी मिळाला. तो कागदात गुंडाळून खिशात ठेवला. ओवाळणीचा साधा रुपयाही कागदातच होता. पाटावर बसलो, तू ताट घेऊन उभी, पुष्पाबाई टक लावून माझ्या हाताकडे पाहतेय. मी घाबरून चुकीची पुडी उघडली. तुमसर रोडला चहावाल्याला पैसे द्यायला दुसरी पुडी सोडली, तर आत साधा रुपया, आणि चहा तसाच राहिला.

तू म्हणशील, एवढं काय त्यात. बाबा काय म्हणायचे आठवतं ना? या पोराने एक गोष्ट पुरी करून दाखवली तर कामठ्यात घरोघर साखर वाटीन. मॅट्रिक अर्धी सोडली, तबला अर्धा सोडला, पोहायला शिकलो तेही तलावाच्या मध्यापर्यंत. बाबा गेले, साखर तशीच राहिली. ही एक गोष्ट मला पुरी करायची आहे. असा पांढरा दुसरा रुपया त्या पारशाकडे नाही, आणि पुन्हा येईल असं तो म्हणत नाही.

चिंच खरंच लावलीस का?

गोपी


दवनीवाडा, ता. १२ डिसेंबर १९५१

चि. गोपीले आशीर्वाद.

खरं लिहिलंस, बरं वाटलं. तू तलावाच्या मध्यापर्यंत पोहलास आन मंग वरडलास, ते मले आठवते. बाबांनी धोतरासकट उडी मारली होती.

चिंचेचं काय झालं ते इथे येऊन आपल्या डोळ्यांनी पाह्यजो. पन पोस्टानं मी काही पाठवत नाई. ओवाळनी दिली का दिली. ती वापस घ्यायचीच असन तर भाऊ पाटावर बसला पायजे आन मी ताट घेऊन समोर उभी पायजे. दुसरा कायदा मले मालूम नाई. पोस्टमन छोटेलालले ओवाळून त्याच्या हाती देऊ म्हनतोस का?

तुले सात शिक्के पुरे पायजेत. मले एक भाऊ पायजे, वर्षातून एक दिवस. हिशोब सोपा आहे.

धान कापून झाला. यंदा बरा आहे. यायचे डोळे काही बरे नाईत, काल मिठाऐवजी चुना घेतला.

शामकला


मुंबई, ता. ४ जानेवारी १९५२

रा. रा. बकारामजी भाऊजी यांस,
गोपीचंदचा सा. नमस्कार.

हे पत्र खास तुम्हांला लिहितोय. बाईला अजिबात कळू देऊ नका. तुम्ही समजूतदार माणूस आहात.

बाईने माझा रुपया कुठे ठेवला आहे ते तुम्हांला माहीत असणारच. तो हळूच काढा, कडेने धरा, कापसात गुंडाळा आणि गोंदियाच्या पोस्टातून रजिस्टर करा. गावच्या पोस्टात नको, छोटेलालच्या तोंडात काही राहत नाही. त्याच्या जागी सोबत पाठवलेला साधा रुपया ठेवा. बाईला फरक कळणार नाही, ती चिंच लावणारी बाई आहे.

याबदली मी तुमच्यासाठी आमच्या दुकानातला पहिल्या प्रतीचा चष्मा पाठवतो. काळी फ्रेम, जाड काच. पोथी मांडीवर ठेवून वाचाल. वाचून होताच हे पत्र चुलीत टाका.

आपला,
गोपीचंद


दवनीवाडा, ता. १७ जानेवारी १९५२

चि. गोपीले आशीर्वाद.

तुझं यायच्या नावाचं पत्र भेटलं. छोटेलालनं पाकीट यायच्या हाती दिलं. यायनं ते उघडलं, हातभर लांब धरलं, मंग खिडकीपाशी नेलं, मंग अंगनात उन्हात नेलं, आन शेवटी आवाज देऊन म्हनले, अवो, गोपीचं पत्र आलं, वाचून दाखव.

ज्या मानसाले चष्मा नाई, त्याले चष्म्याची लाच चिठ्ठीत लिहून पाठवतोस. आन मॅट्रिक अर्धीच राहिली म्हनून रडतोस.

मी बसून पुरं वाचून दाखवलं. ‘बाईला अजिबात कळू देऊ नका’ तेबी वाचलं. ‘ती चिंच लावणारी बाई आहे’ तेबी वाचलं. हे मान खाली घालून ऐकून राहिले होते. शेवटी बिचारे एवढंच म्हनले का चष्मा आला असता तर बरं झालं असतं. तर चष्मा पाठवजो. यायचा त्यात काही गुन्हा नाई.

तुले एवढी घाई आहे तर घे. रुपया सोबतच्या पुडीत आहे. ईश्वरदासनं कडी पक्की बसवली आहे. सासूबाईचं मन राखावं लागते.

शामकला


मुंबई, ता. २ फेब्रुवारी १९५२

सौ. बाईस,

पुडी मिळाली. उघडली तर आधी कडीच दिसली. पुढे पाहवलं नाही. तो रुपया मी टेबलाच्या खणात टाकला आणि खण बंद केला.

तुझा राग नाही. तुझ्या घरी पैसे घासतात, तू घासलास. चूक माझ्या हाताची. पण कडी बसवायची काय गरज होती? मी सगळं समजावून लिहिलं होतं.

सहा नाण्यांची पेटी कोनाड्यात ठेवली आहे. बाबांचं खरं ठरलं. मला वाईट वाटतंय, बाई, आणि ते तुझ्यापासून लपवत नाही. आता नाण्यांबद्दल काही लिहू नको. भाऊजींचा चष्मा वेगळा पाठवला आहे.

गोपीचंद


दवनीवाडा, ता. १३ फेब्रुवारी १९५२

गोपी,

बाप्पा, लोकांचे डोळे तपासून राहिलास आन आपले कधी तपासशील?

खन उघड. भिंग लाव. तो साधा चालू रुपया आहे, तूच यायच्या पत्रात घालून पाठवलेला. चिंच त्याले लावली, कडी त्याले बसवली. मले वाटलं तू बघताच वळखशील आन मले चार शिव्या देशील. शिमगा जवळ आला, जराशी गंमत केली. पन तू ‘सौ. बाईस’ असं लिहिलंस आन खाली पुरं नाव घातलंस, तर मी चूल तशीच सोडून हे लिहाले बसले. असं करत जाऊ नको.

तुझा खरा रुपया जिथल्या तिथे आहे. तो ताटात पडला तेव्हाच मी वळखलं का हा वेगळा आहे. दिव्याच्या उजेडात सिंह पांढरे दिसून राहिले होते आन त्यायच्या मागं मले माझ्या कपाळाचं कुंकू दिसलं. आरशात दिसते तसं. मी म्हनलं, हे घासायचं काम नोहोय. तो मी वातीनं उचलला, सावरीच्या कापसात गुंडाळला, आईच्या कुंकवाच्या डबीत घातला आन ती डबी धान्याच्या ढोलीत, तांदळाच्या आत. त्या दिवसापासून मीबी पाह्यला नाई. फुंकरबी मारली नाई.

मंग चिंचेचं काऊन लिहिलं? तू खोटं लिहिलंस म्हनून मीबी लिहिलं. आन रुपया लगेच वापस केला असता तर तू पुढची तीन वर्षं आला असतास का? मले ह्याचं उत्तर पत्रात नको लिहू. पाटावर बसून सांगजो.

यायले चष्मा भेटला. आता दिवसभर घरातल्या भिंतीले किती भेगा आहेत ते मोजून राहिले.

शामकला


मुंबई, ता. २९ ऑक्टोबर १९५२

तीर्थरूप सौ. बाईस,
लबाड बहिणीच्या भोळ्या भावाचा नमस्कार.

पोचलो. या खेपेला चिवडा बडनेऱ्यापर्यंत पुरला.

मी रागावलो नाही, पण घडलं ते कागदावर मांडून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी माझ्यावर आळ घेणार नाही. मालकाचे पाय धरून रजा काढली. रुपया त्याच्या जागी बसवून बघायचा म्हणून सहा नाण्यांची पेटी सोबत आणली. पाटावर बसलो. तू ओवाळलंस. कुंकवाची डबी माझ्या पुढ्यात ठेवलीस. मी ती उघडली, कापूस बाजूला केला, आणि खरं सांगतो बाई, माझे डोळे भरून आले. साय जशीच्या तशी होती. पारशाच्या काचेच्या कपाटात एवढी राहिली नसती, तुझ्या तांदळात राहिली. मी रुपया पेटीत बसवला. सात झाले. भाऊजी नवा चष्मा लावून वाकून पाहत होते.

आणि मग तू ताट पुन्हा पुढे केलंस.

मी साधा रुपया टाकला. तू तो उचलून परत दिलास आणि पुष्पाबाईच्या देखत म्हणालीस, “हा कोनाचाबी भाऊ टाकते. मले त्या डब्यातला पायजे.” मी हसलो, मला वाटलं गंमत आहे. तू ताट घेऊन तशीच उभी. तेलाचा दिवा वाऱ्याने हलतोय, सासूबाई जपमाळ थांबवून बघताहेत. मी अख्खी पेटी पुढे धरली आणि तू त्यातला सगळ्यात स्वस्त, घोड्याचा पैसा मागितलास. उचलायचा कसा तेही तुला ठाऊक, कडेने, वातीच्या कापसाने. म्हणालीस की घोडा ठेवते, म्हणजे तू धावत येशील.

तर माझी पेटी संपूर्ण होती ती फार तर ताट फिरवायला लागेल इतका वेळ. आता पुन्हा सहा आहेत आणि एक खाच रिकामी आहे. पारशाला सांगितलं तर तो पोट धरून हसला.

गोपी


दवनीवाडा, ता. ११ नोव्हेंबर १९५२

चि. गोपीले आशीर्वाद.

पोट धरून हसनारा मानूस चांगला असते, त्याले माझा नमस्कार सांगजो.

कायदा आता लिहूनच देते. एक घेऊन जाजो, एक ठेवून जाजो. घोडा पायजे तर ये आन त्याच्या बदली दुसरं काही ठेव. ज्या वर्षी येशील नाई त्या वर्षी घोड्याले चिंच लागन. ईश्वरदासची कडीबी तयार आहे.

शामकला


मुंबई, ता. ३ ऑक्टोबर १९५७

तीर्थरूप सौ. बाईस,
गोपीचंदचा शि. सा. नमस्कार.

यंदा एप्रिलपासून नवे पैसे आले. दुकानात रोज भांडण, सहा नव्या पैशांचा आणा की सव्वासहाचा. माझ्या सात नाण्यांचा जमाना गेला म्हणायचा.

त्यामुळेच की काय, लोक जुनी नाणी विकायला काढताहेत. परवा पारशाने मला आत बोलावलं. आता फार थकला आहे, हात कापतात. मखमलीवर त्याने एक पैसा ठेवला. घोड्याचा. प्रूफ. मी भिंग लावलं. पांढराशुभ्र, बाई, शेपटीच्या केसापर्यंत. आपल्या घोड्याचा सख्खा भाऊ. गेल्या दिवाळीला मी फिरून आपला घोडाच तुझ्या डबीत ठेवला, पेटीत तेवढीच खाच रिकामी. म्हातारा म्हणाला, घेऊन जा डिकरा, तुझ्यासाठीच ठेवला, आता तरी संच पुरा कर.

मी बराच वेळ पाहत होतो. हात खिशात गेलाही. मग म्हटलं, नको. माझा संच पुराच आहे, त्यातला एक जण दवनीवाड्याला राहतो. तो म्हणाला, अरे येडा. मी म्हटलं, खरंय.

बाबा असते तर म्हणाले असते, पुन्हा अर्धं सोडलंस. या खेपेला मला त्याचं काही वाटलं नाही. दिवाळीची रजा मंजूर आहे. भाऊजींचा नंबर बदलला असेल, नवी काच आणतो.

गोपी


दवनीवाडा, ता. १४ ऑक्टोबर १९५७

चि. गोपीले अनेक आशीर्वाद.

आता पत्रं आधी हेच वाचतात. चष्म्याचा हाच एक तोटा झाला. तुझं पत्र यायनं वाचलं आन मले न देता टोपी घालून अंगनात जाऊन उभे राहिले. मी विचारलं काय झालं, तर म्हनले का काही नाई, डोळ्यात भुसा गेला. मंग मी वाचलं. मंग माझ्याबी डोळ्यात भुसा गेला.

दुसऱ्या दिवशी बैलगाडी जुंपली आन आम्ही दोघं कामठ्याले गेलो. आपल्या घराचं कुलूप काढलं, उंबरठ्यावर पानी शिंपडलं, आन आपल्या गल्लीत घरोघर साखर वाटली. लोक विचारून राहिले का कायची साखर, गोपीचं लगीन जमलं का? मी म्हनलं, लगीन नाई जमलं. बाबांनी कबूल केली होती ती साखर आहे. माझ्या भावानं एक गोष्ट पुरी केली. तो दरसाल येते.

मनिराम मास्तर अजून आहेत. त्यायनं साखर तोंडात टाकली आन म्हनले का पेरूचं काय झालं.

साखर पाच शेर लागली. बाबांनी कबूल केली तरी वाटली मी, तर पैसे तूच देजो. त्या कडीवाल्या रुपयात दिलेस तरी चालन, मी तो पुष्पाबाईले खरा म्हनून दाखवीन.

तुझी बहीन,
शामकला